उसना हात

शनिवारी सकाळी पन्हाळा रस्त्यावर हेमलता सरनाईकचा उजवा हात आपण होऊन स्टिअरिंगवरून सुटला, छातीला लागला, तिथून ओठांना लागला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. उजवीकडे ज्योतिबाचा डोंगर नुकताच दिसायला लागला होता.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कोल्हापुरात रोज हजारो माणसं गाडी चालवता चालवता देवाला असा नमस्कार करतात. खरं आहे. पण हेमलता त्यांतली नव्हती. देवाशी तिचं वैर नव्हतं. देवाला भेटायचं तर गाडी थांबवून, पायातलं काढून नीट भेटावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. चालत्या गाडीतल्या नमस्काराला ती मिस्ड कॉल म्हणायची. एकोणपन्नास वर्षांत तिचा हात असा एकदाही उठला नव्हता.

तिने गाडी कडेला घेतली आणि हात उलटसुलट करून बघितला. शिरोलीच्या फाउंड्रीत साच्याची वाळू चाळून चाळून खरखरीत झालेला, मनगटावर भाजल्याचा डाग असलेला. हात तिचाच होता. हालचाल मात्र तिची नव्हती, आणि कोणाची होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी सायकलच्या कॅरिअरवर बसून तिने ती रोज बघितली होती. पुढे दादा असायचा.

दादा म्हणजे रणधीर सरनाईक. गाड्यांच्या शर्यतीत तीनदा देशात पहिला आलेला. हेमलता आत्ता जिकडे निघाली होती त्या माळावरच्या ट्रॅकवर त्याने लावलेली वेळ अजून कोणी मोडलेली नव्हती. पण पाच वर्षांपूर्वी त्याच्या हातांना कंप सुटला आणि आता चहाचा कप बशीसकट उचलायचा म्हटलं तरी त्याला दोनदा विचार करावा लागे. बरं झालं म्हणायचं की वाईट, कोण जाणे, पण कंप सुटायच्या आधी पुण्याच्या एका कंपनीने त्याचा हात उतरवून घेतला होता.

हे प्रकरण जरा समजून घ्यायला हवं. माणूस सायकल शिकतो, पोळी लाटायला शिकतो, ते हाताने नव्हे. डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो, तो शिकतो. एखादी गोष्ट अंगवळणी पडली असं आपण म्हणतो, तेव्हा ती खरं म्हणजे या लहान मेंदूत जाऊन बसलेली असते. आपल्याला तिथलं काही सांगता येत नाही, नुसतं करता येतं. कंपनीने काय केलं, तर तरबेज माणसाला संवेदकांनी भरलेली बाही आणि टोपी चढवली, आणि स्नायू हलायच्या आधी नसांतून धावणारे इशारे टिपून घेतले. मग शिकणाऱ्याला तशीच बाही घालायची. त्याचा हात हलायच्या निमिषभर आधी बाही त्याला हलवते, आणि टोपीतलं सौम्य चुंबकीय क्षेत्र त्याच वेळी लहान मेंदूला असं मऊ करून ठेवतं की ती हालचाल आपलीच, असं त्याला वाटावं. दिवसभराने बाही उतरवायची. पुढचं काम झोपेत होतं. दिवसा शिकलेल्याची उजळणी मेंदू रात्री करतो. पहिल्या रात्री हालचाल आत शिरते, दुसऱ्या रात्री घट्ट होते. ओतलेलं लोखंड साच्यात निवावं तशी. आणि एकाच कामाला दोन सवयी एका डोक्यात नांदत नाहीत, म्हणून जुनी निघून जाते.

लोक याला नुसतं हात भरणं म्हणत, बांगड्या भरतात तसं. मिरजेच्या दवाखान्यांत तरणे डॉक्टर एकाच नावाजलेल्या सर्जनच्या हाताने टाके घालत. सांगलीत एका मंगल कार्यालयाचे सगळे आचारी एकाच बाईच्या हाताने पुरणपोळ्या लाटत, आणि पोळ्या खरोखरच सुरेख होत. मग हौशी शर्यतवाले मागे कसे राहतील? या माळावर शनिवार-रविवारी गाड्या पळवणारी मंडळी म्हणजे दातांचे डॉक्टर, फरशीचे व्यापारी, संगणकवाले. यंदाच्या बारा जणांपैकी नऊ जणांनी रणधीर सरनाईकचा हात भरून घेतला होता. दहावी त्याची सख्खी बहीण व्हावी, अशी कंपनीची फार इच्छा होती.

कंपनीला हेमलता दोनदा नाही म्हणाली होती. दादाला म्हणता आलं नाही. तो फाउंड्रीत आला, भट्टीपासून लांब उभा राहिला, हात खिशात घातले आणि म्हणाला, "माझा हात आता माझ्याकडं नाही, हेमे. गिऱ्हाइकांकडं हाय. घरात एकाकडं तरी असू दे." आयुष्यात त्याने तिच्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच.

म्हणून शुक्रवारी तिने बाही चढवली होती. आणि खोटं कशाला बोला, मजा आली. संध्याकाळपर्यंत तिची फेरी चार सेकंदांनी कमी झाली. जिथे ती आठ वर्षं चाचपडत होती तिथे गाडी पाण्यासारखी वळत होती. दादा कठड्याशी उभा राहून त्या थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवत होता, आणि तिला हेल्मेटच्या आत रडू आलं होतं.

हे झालं शुक्रवारचं. शनिवारी सकाळी, हात छातीला लागून आल्यावर, ती ट्रॅकवर पोहोचली ती सरळ कंपनीच्या तंबूत शिरली. तिथे गार्गी पेंडसे होती. कंपनीची इंजिनिअर, तिशीही न गाठलेली, सरळ मनाची मुलगी. हेमलताने घडलं ते सांगितलं तेव्हा गार्गीने आधी पडद्यावर काहीतरी शोधलं, मग मान खाली घातली. हे त्यांना माहीत होतं. मागच्या सरळ पट्ट्यावर, सहाव्या वळणाच्या जरा आधी, सरनाईक सरांचा उजवा हात सुटतो. एवढा मोठा चॅम्पियन उगीच कशाला हात सोडेल? बोटं सैल करायची त्यांची ती युक्ती असणार, असं पुण्यात सर्वांचं ठरलं होतं. त्यावर एक शोधनिबंधही झाला होता.

"त्या पट्ट्यावरून काय दिसतं, बघितलंय का कधी?" हेमलताने विचारलं.

गार्गी तंबूच्या दाराशी गेली. समोर डोंगर होता, वर देऊळ. पुण्याच्या मुलीला समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं.

हेमलताला आधी हसू फुटलं. म्हणजे जयसिंगपूरचे मगदूम डॉक्टर, घराणं जैन, दर फेरीला ज्योतिबाला नमस्कार घालत होते, आणि बंगळूरचा तो संगणकवाला, ज्याला हा देव कोणता हेही ठाऊक नव्हतं, तोही. मग तिचं हसू मावळलं. तिने विचारलं, एवढं काढून टाकता येईल का? नाही, गार्गी म्हणाली. उजवा हात सुटतो तेव्हा गाडीचा सगळा तोल डावा हात घेतो, आणि सहावं वळण तिथूनच सुरू होतं. ते काढलं तर वळण बिघडतं, वळण बिघडलं की पुढचं सगळं. घ्यायचा तर सगळा हात घ्यावा लागतो.

"आणि सोडायचा असला तर?"

गार्गीने इकडेतिकडे बघितलं. हे सांगणं तिच्या नोकरीत बसत नव्हतं. पण तिने सांगितलं. एकच रात्र झालीय, मॅडम. आज दिवसभर तुमच्या जुन्या पद्धतीने चालवलंत, भरपूर चालवलंत, तर जाईल. आजचा दिवस फार वाईट जाईल. आणि उद्या सकाळपर्यंत जे आत असेल तेच कायमचं.

एवढ्यात रणधीर तंबूत आला. त्याला हे सगळं सांगितल्यावर तो उखडलाच. "मी? गाडी चालवताना नमस्कार? खुळी का काय तू? दोनशेच्या वेगात हात कोण सोडतंय?" गार्गी पडदा त्याच्याकडे वळवायला लागली, तर त्याने तिकडे बघायचंही नाकारलं. कंपनीने काहीतरी घोळ घातला असणार, म्हणाला. आणि समजा असला नमस्कार, तर काय बिघडलं? देवाचाच हाय न्हवं? त्यासाठी कोणी चार सेकंद टाकून देतं का?

हेमलता त्याला नीट सांगू लागली की प्रश्न नमस्काराचा नाही. आज नमस्कार निघाला; उद्या आणखी काय निघेल, आणि ते आपलं की दुसऱ्याचं हे ओळखू तरी येईल का? सवय आपली झाली की ती परकी वाटतच नाही, हीच तर या यंत्राची करामत.

रणधीरने ऐकून घेतलं. मग एकदम मऊ झाला. "माझा हात तुझ्यात राहील, हेमे. मी गेल्यावरबी."

"आणि माझा कुठं राहायचा, दादा?"

रणधीर पुन्हा उखडला. तुझा हात म्हणजे काय, म्हणाला, टेम्पो चालवल्यासारखी तर चालवतेस.

झोंबलं, कारण खरं होतं. वडिलांनी दादाला नवव्या वर्षी छोटी शर्यतीची गाडी घेऊन दिली. हेमलताच्या हातात स्टिअरिंग आलं ते फाउंड्रीचे ड्रायव्हर संपावर गेले तेव्हा. ओतीव कामाने भरलेला टेम्पो घेऊन ती आंबा घाटातून रत्नागिरीला जायची. मागे दोन टन लोखंड असताना वळणात शिरून ब्रेक मारला तर माणूस दरीत जातो. वळणाच्या आधीच ब्रेक दाबून वेग मारायचा, मागचा माल जागी बसू द्यायचा, आणि मग निवांत अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. शर्यतीच्या गाडीत ती बसली एक्केचाळिसाव्या वर्षी, आणि तिथेही तशीच चालवत राहिली. कुरूप असेल, हळू असेल. पण घाटाने शिकवलेलं होतं, कोणी बाहीतून भरलेलं नव्हतं.

"टेम्पो तर टेम्पो," ती म्हणाली आणि हेल्मेट उचललं.

शनिवार गार्गीने सांगितलं होतं त्याहून वाईट गेला. वळण आलं की तिच्या अंगात दोन माणसं भांडायला लागत. एक म्हणे आत्ताच ब्रेक मार, दुसरा म्हणे थांब, अजून थांब. दोघांच्या भांडणात गाडी कुणाचीच राहत नसे. तिसऱ्या वळणावर ती गरकन फिरली आणि तोंड उलटं करून गवतात जाऊन थांबली. उद्याच्या शर्यतीत कुणी कितव्या जागेवरून सुटायचं ते ठरवायला वेळ लावायची होती, त्यात ती बारावी आली. बारापैकी बारावी. कानातल्या हेडसेटवर दादाचा आवाज नव्हता. दुसऱ्याच फेरीनंतर तो हेडसेट काढून निघून गेला होता. मगदूम डॉक्टर भले गृहस्थ. जवळ येऊन म्हणाले, ताई, कशाला हट्ट करताय, मलाही आधी विचित्र वाटलं होतं, दोन दिवसांत काही वाटेनासं होतं. तिने त्यांना नमस्कार केला, दोन्ही हातांनी, मुद्दाम, आणि पुन्हा गाडीत जाऊन बसली.

सरळ पट्ट्यावर डोंगर आला की उजवा हात उसळी घ्यायचा. ती बोटं आवळून धरायची. गाडी विजेवरची; बॅटरी संपली की भरायला लावायची, भरली की पुन्हा बाहेर. दुपार कलेपर्यंत तिच्या बोटांची पेरं सुजली. शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र सहावं वळण तिने आपल्या पद्धतीने घेतलं, आधी वेग मारून, माल बसवून. वेळ भिकार होती. तिला इतका आनंद झाला की ती आत एकटीच ओरडली.

संध्याकाळी घरी दादा जेवायला बसला, पण रुसलेलाच. तिनेही त्याची मनधरणी केली नाही. दोन भाकऱ्या, तांबडा रस्सा, आणि दिवेलागणीनंतर लगेच अंथरूण. तिला झोपेची धास्ती वाटायला हवी होती. ती हट्टानेच झोपली. काय उजळणी करायची ती कर म्हणाली मेंदूला, पण आज मी चालवलंय त्याची कर.

रविवारी सकाळी पन्हाळा रस्त्यावर डोंगर दिसायला लागला. तिने त्याच्याकडे चांगलं निरखून बघितलं. हात स्टिअरिंगवर होता.

रणधीर आला. येणार नाही असं तिला वाटलं होतं; पण बहिणीच्या शर्यतीत हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर बघणं त्याला जमलं नसतं. आला आणि पडद्यांसमोर उभा राहिला. प्रत्येक गाडीत चालकाच्या हातांवर रोखलेला कॅमेरा होता, आणि बाराही जणांचे हात तिथे एका ठिकाणी दिसत.

शर्यत सुरू झाली तेव्हा तिच्यापुढे अकरा गाड्या होत्या. हात न भरलेले दोघे पहिल्याच फेरीच्या गर्दीत एकमेकांवर आपटून बाहेर गेले. उरले नऊ. नऊच्या नऊ एकाच ठिकाणी ब्रेक मारत होते, एकाच रेषेवरून वळत होते. विजेच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो, नुसते टायर किंचाळतात, आणि तेही सगळ्यांचे एकाच जागी. सरळ पट्ट्यावर समोरची गाडी सहाव्या वळणाच्या आधी हलकेच सैल पडली. तेवढ्या वेळात त्या माणसाला बचाव करता येणार नव्हता. एक हात देवाकडे होता. हेमलता आतून घुसली. पुढच्या फेरीला आणखी एक.

तेव्हा कानात दादाचा आवाज आला. "हेमे." मग, अगदी हळू, "सगळे नमस्कार करायला लागलेत गं. एकापाठोपाठ एक. ओळीनं."

"मग? मी काय सांगत होते?"

"आईशप्पथ, माझाच हात हाय." त्याचा श्वास ऐकू येत होता. एवढ्या वर्षांत आपला हात त्याने बाहेरून कधी बघितलाच नव्हता, आणि आता तो नऊ परक्या हातमोज्यांत बघत होता, न थरथरणारा. पुढच्या वेळी पट्टा आला तेव्हा त्याचा आवाज पुन्हा आला, आणि तो भावाचा नव्हता, शर्यतवाल्याचा होता. "तिथंच घाल. तिथं मी आंधळा हाय."

तिने घातली. आणखी दोघे मागे पडले. आता ती सहावी होती, आणि पुढे मगदूम डॉक्टर.

डॉक्टर हुशार माणूस. हात आवरता येत नाही हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं, म्हणून ते पट्ट्यावर आधीपासूनच गाडी आतल्या बाजूला लावून ठेवत. त्यांच्या मागे तीन फेऱ्या गेल्या. गाडीचं नाक वळणात शिरताना कसं खाली जातं, निघताना मागचं चाक कसं किंचित घसरू दिलं जातं, ते सगळं तिला पाठ होतं. ती कंप सुटायच्या आधीच्या दादाच्या मागे होती. एकदा, बारा-तेरा वर्षांची असताना, मला पण तुझ्याशी शर्यत लावायचीय असं ती त्याला म्हणाली होती, आणि त्याने घड्याळ तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, तू वेळ लाव. त्यानंतर किती वर्षं ती वेळच लावत होती. आज ती त्याच्याशी शर्यत लावत होती. तिला त्याचा रागही आला आणि त्याच्यावर इतकं प्रेमही दाटून आलं की तिने दात आवळले.

शेवटची फेरी. शेवटचं वळण. दादा इथे नेहमी आतलं दार बंद करायचा. बाहेरून कोणी जाऊच शकत नाही असं त्याचं ठाम मत होतं, कारण बाहेरून जायचं तर आधीच वेग मारावा लागतो, आणि ते त्याला कमीपणाचं वाटे.

"आत जा," कानात दादा ओरडला. "हेमे, आत."

तिने वळणाच्या बरंच आधी ब्रेक दाबला. डॉक्टर सुटल्यासारखे पुढे गेले. तिने माल बसू दिला, मागे दोन टन असल्यासारखा, मग चाकं सरळ केली आणि बाहेरच्या अंगाने गाडी सोडली. डॉक्टर अजून वळणातून सावरत होते तेव्हा ती त्यांच्या बरोबरीला आली, आणि शेवटच्या रेषेवर अर्ध्या गाडीने पुढे होती.

पाचवी. पहिले चार अर्थात दादाच्याच हाताचे. तिकडे हार घातले जात होते, कंपनीचा फोटोवाला पळत होता, आणि गार्गी लांबूनच हेमलताकडे बघून हसत होती. हेमलताने पट्टे सोडले, हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते.

रणधीर तरातरा चालत आला. अभिनंदन वगैरे काही नाही. चेहरा लाल, हात दोन्ही बाजूंना थरथरत होते आणि आज ते खिशात घालायचं त्याच्या ध्यानात नव्हतं.

"बाहेरून?" तो म्हणाला. "शेवटच्या वळणावर बाहेरून? तो डॉक्टर झोपला होता म्हणून निभावलं. तिथं मी असतो ना, तर तुला बाहेरून जाऊ दिलं नसतं."

हेमलताने त्याचे थरथरते हात आपल्या सुजलेल्या हातांत धरले.

"तूच होतास की, दादा."